परीक्षेला न बसलेला मुलगा उत्तीर्ण कसा झाला?

प्रश्न : निकाल लावण्यासाठी मी एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये एक स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्राम) लिहिली आहे. विद्यार्थ्यांचं एक टेबल आहे, गुणांचं दुसरं. व्हाइल लूप क्रमांक १ पासून शेवटच्या क्रमांकापर्यंत जातो आणि सिलेक्टने प्रत्येकाचे गुण व्हेरिएबलमध्ये घेतो. गुण ४० किंवा जास्त असतील तर इफमधून ‘उत्तीर्ण’ अशी नोंद होते, नाहीतर ‘अनुत्तीर्ण’. एरर येत नाही. पण परीक्षेला न बसलेली काही मुलं उत्तीर्ण दिसतात, काही अनुत्तीर्ण. अट कुठे चुकली?

उत्तर : अट बरोबर आहे. घोळ तिच्या आधीच्या सिलेक्टमध्ये आहे.

समजा, क्रमांक १७ च्या मुलीला ८२ गुण आहेत. क्रमांक १८ चा मुलगा पेपरला आलाच नाही, त्यामुळे गुणांच्या टेबलात त्याची ओळच नाही. सतराव्या फेरीत व्हेरिएबलमध्ये ८२ येतात. अठराव्या फेरीत सिलेक्टला काहीच सापडत नाही, आणि अशा वेळी एसक्यूएल सर्व्हर व्हेरिएबलला हातच लावत नाही. ते नल (म्हणजे ‘किंमतच नाही’) होत नाही, शून्यही होत नाही; आधीचे ८२ तसेच राहतात. इफ ते ८२ पाहतो आणि अठरा क्रमांकाला उत्तीर्ण करून टाकतो. सतराव्या मुलीला ३१ असते तर हाच मुलगा अनुत्तीर्ण झाला असता.

व्हेरिएबल लूपच्या आत डिक्लेअर केल्याने हे सुटेल असं अनेकांना वाटतं. सुटत नाही. टी-एसक्यूएलमध्ये, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच्या भाषेत, व्हेरिएबल पूर्ण बॅचभर (एकत्र चालणाऱ्या सगळ्या ओळींभर) जिवंत असतं, दर फेरीला नव्याने कोरं होत नाही; डिक्लेअर करतानाच त्याला किंमत दिली असेल तरच ती दर फेरीला पुन्हा बसते. सिलेक्टऐवजी सेट वापरून कंसात सबक्वेरी (आतली सिलेक्ट) लिहिली, तर मात्र ओळ न सापडल्यावर व्हेरिएबल नल होतं. तेवढंच करून थांबाल तर गैरहजर मुलं सगळीच्या सगळी अनुत्तीर्ण होतील. कारण नल ४० पेक्षा मोठा की लहान, याचं उत्तर डेटाबेसच्या लेखी ‘अज्ञात’ असतं, आणि अज्ञात म्हणजे ‘खरं’ नव्हे. इफ सरळ एल्सकडे वळतो. गैरहजर आणि नापास यांतला फरक त्या मुलासाठी फार मोठा आहे. तो प्रोग्रामरच्या हातून पुसला जाता कामा नये.

मला विचाराल तर हा लूपच काढून टाका. कोणाची प्रोसिजर तपासायला आली की मी सगळ्यात आधी ‘व्हाइल’ शोधते आणि एकच गोष्ट पाहते : या फेरीला मागच्या फेरीतलं काही लागतंय का? तुमच्या निकालात अठरा क्रमांकाला सतराकडून काहीही नको आहे. मग एकामागून एक जायचं कशाला? एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यात टेबल म्हणजे ओळींचा संच आहे. संचात पहिलं, पुढचं, शेवटचं असं काही नसतं. काय हवं ते आपण सांगायचं. कसं करायचं ते डेटाबेस ठरवतो. शिवाय सगळे बदल एकत्र बांधणारं वेगळं ट्रान्झॅक्शन उघडलं नसेल तर तुमच्या लूपमधला प्रत्येक अपडेट स्वतंत्र कमिट (पक्का) होतो आणि दर वेळी लॉग, म्हणजे बदलांची नोंद, डिस्कवर लिहावा लागतो. मुलं वाढली की प्रोसिजर रेंगाळते ती यामुळे.

तेच काम एका अपडेटमध्ये होतं. विद्यार्थ्यांच्या टेबलाला गुणांचं टेबल लेफ्ट जॉइनने जोडा, म्हणजे गुणांची ओळ नसलेली मुलंही गळणार नाहीत. निकालाच्या कॉलममध्ये केस लिहा : व्हेन गुण इज नल देन ‘गैरहजर’, व्हेन गुण ४० किंवा जास्त देन ‘उत्तीर्ण’, एल्स ‘अनुत्तीर्ण’. केस वरून खाली वाचला जातो आणि पहिली खरी ठरलेली अट घेतो. उद्या ७५ ला ‘विशेष प्रावीण्य’ जोडाल तर ते ४० च्या वर लिहा. खाली लिहिलंत तर ते कोणालाच मिळणार नाही.

अपडेट चालवण्याआधी गुणांच्या टेबलात एका विद्यार्थ्याच्या दोन ओळी नाहीत ना, ते ग्रुप बाय आणि हॅविंग काउंट लावून पाहा. दोन असतील तर एसक्यूएल सर्व्हर त्यातली कोणतीही एक उचलतो, आणि तक्रारही करत नाही.

प्रश्न : ठरावीक रेकॉर्ड वगळण्यासाठी लूपमध्ये कंटिन्यू लिहिलं, तेव्हापासून लूप थांबतच नाही.

उत्तर : काउंटर वाढवायची ओळ लूपच्या तळाशी असणार. कंटिन्यू थेट वरच्या अटीकडे नेतं, त्यामुळे ती ओळ चालतच नाही आणि तोच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा येतो. काउंटर कंटिन्यूच्या आधी वाढवा. बिगिन-एंड आहे ना, तेही बघा. नसेल तर व्हाइलखालचं फक्त एकच स्टेटमेंट लूपमध्ये धरलं जातं. उलट लूप एकदाही चालत नसेल, तर काउंटरला सुरुवातीची किंमत दिलेली नसते. पुन्हा तोच नल.

प्रश्न : मग लूप कधी वापरावा?

उत्तर : ओळीओळीने मागचा आकडा पुढे न्यायचा असेल, जसं की चालती बेरीज, तर विंडो फंक्शन (आजूबाजूच्या ओळी धरून दर ओळीला हिशोब करणारं फंक्शन) बघा. कोणाच्या हाताखाली कोण अशी उतरंड काढायची असेल तर रिकर्सिव्ह सीटीई, म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारी क्वेरी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती मुळात १०० पातळ्यांवर थांबते, मॅक्सरिकर्शनने मर्यादा वाढवता येते. दर ओळीसाठी दुसरी प्रोसिजरच चालवायची असेल, तर लूप लागतोच.

लूप खरा शोभतो तो मोठ्या डिलीटला. लाखो जुन्या नोंदी एका फटक्यात काढल्या तर लॉग फुगतो, आणि एका स्टेटमेंटने साधारण ५००० लॉक (इतरांना बदल करू न देणारी कुलपं) घेतले की एसक्यूएल सर्व्हर अख्खं टेबल लॉक करायला जातो. बाकीचे सगळे ताटकळतात. म्हणून डिलीट टॉप लावून दोन-तीन हजारांच्या तुकड्यांत काढा आणि एकही ओळ निघाली नाही की ब्रेक करा. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये टॉपच्या जागी लिमिट येतं, आणि तिथे व्हाइल फक्त प्रोसिजर, फंक्शन, ट्रिगर अशा साठवलेल्या कोडमध्येच लिहिता येतो.

किती ओळी निघाल्या तो रोकाउंट डिलीटच्या लगेच पुढच्या ओळीत स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये घ्या, आणि ब्रेकची अट त्या व्हेरिएबलवर लावा. मध्ये प्रिंट किंवा कमिट आलं तरी रोकाउंट शून्य होतो, आणि लूप पहिल्याच तुकड्यानंतर काम संपल्यासारखा बाहेर पडतो.