स्वर्गातल्या त्या सभेबद्दल लिहिताना

प्रिय विद्यार्थिमित्रा,

मॉर्मन या अमेरिकेत जन्मलेल्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धांवरचं तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण वाचलं. मेहनत जाणवते, पण पहिलं वाक्य बदल. ‘मॉर्मन लोक येशू आणि सैतान यांना भाऊ मानतात’ हे खोटं नाही, पण असं सुटं काढलं की त्याची चेष्टाच होते. २००७ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत असलेल्या माइक हकबी यांनी नेमकं हेच एका मुलाखतीत विचारलं आणि नंतर त्यांना आपले मॉर्मन प्रतिस्पर्धी मिट रॉमनी यांची माफी मागावी लागली. या श्रद्धेनुसार तू, मी, येशू, लूसिफर (म्हणजे पुढे सैतान झालेला), सगळेच आत्मे एकाच स्वर्गीय पित्याची लेकरं. मग भाऊपणात विशेष ते काय?

विशेष आहे ती स्वर्गात भरलेली आत्म्यांची सभा. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या ‘मोशेच्या पुस्तका’चा चौथा अध्याय सावकाश वाच. पृथ्वीवर माणूस यायच्या आधीची गोष्ट. लूसिफर पुढे होऊन म्हणतो, मला पाठव, मी सगळ्यांना तारीन, एकही जीव हातचा जाऊ देणार नाही; मात्र तुझा मान मला दे. येशू म्हणतो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, गौरवही तुझाच. लूसिफरचं बोलणं किती मोहात पाडणारं आहे बघ! सगळेच तरणार, फक्त निवड कुणालाच उरणार नाही. पिता नकार देतो, बंड होतं, एक तृतीयांश आत्मे लूसिफरबरोबर जातात आणि देहाला कायमचे मुकतात. म्हणजे इथला सैतान जन्मतः दुष्ट नाही. तोही स्वतःच्या निवडीनेच गेला. १६ फेब्रुवारी १८३२ ला ओहायोतल्या हायरम इथे स्मिथ आणि त्याचा सहकारी सिडनी रिग्डन यांना झालेल्या दर्शनात म्हटलंय की त्याच्यासाठी स्वर्ग रडला. तू हे एका ओळीत उरकलंस. माझ्या मते साऱ्या प्रकरणाचा जीव तिथे आहे.

आता दुसरं. जन्माआधीचं हे आत्म्यांचं जीवन म्हणजे आपला पूर्वजन्म नव्हे. इथे जन्ममरणाचा फेरा नाही. आत्मा देहात एकदाच येतो आणि आधीचं सगळं विसरून येतो. तरीही ‘तिथे जसे वागलात तसे इथे जन्मलात’ हा तर्क चर्चमध्ये शिरलाच. १८५२ पासून १९७८ पर्यंत कृष्णवर्णीयांना पुरोहितपद नाकारलं गेलं आणि काही नेत्यांनी कारण दिलं की जन्माआधीच्या त्या लढ्यात हे आत्मे कमी पडले. २०१३ मध्ये चर्चने हे समर्थन अधिकृतपणे नाकारलं. जन्माने पायरी ठरवायची आणि दोष मागच्या आयुष्यावर ढकलायचा, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. फुले-आंबेडकर वाचलेत आपण. म्हणून हा भाग तळटीपेत ठेवू नकोस, वर आण. ज्या श्रद्धेच्या मुळाशी निवडीचं स्वातंत्र्य आहे, तिच्याच आधाराने माणसांना जन्मावरून बाहेर ठेवलं गेलं, हा विरोध स्पष्ट लिही. धार कमी करू नकोस, पण श्रद्धाळूंचा उपहासही नको.

‘अब्राहमच्या पुस्तका’च्या पपायरसचा (ज्या इजिप्शियन गुंडाळ्यांवरून ते भाषांतरित केल्याचं स्मिथने सांगितलं, त्यांचा) वाद पुढच्या प्रकरणात ने, इथे त्याची गर्दी होते. मसुदा सुधारून पाठव, मी लगेच वाचतो.

तुझा,
सर