‘काकाने त्याला हे सांगायलाच नको होते’

मूल आपल्याशी बोलत नाही, मात्र काकाशी किंवा मामाशी तासन्‌तास बोलते, आणि जे सांगण्याची काही गरज नव्हती असे घरातले जुने विषय तो काका किंवा मामा त्याच्यासमोर उघडतो, ही तक्रार वाढत्या वयाच्या मुलांचे पालक समुपदेशनात वारंवार मांडतात. अशा माणसाला मुलापासून थोडे दूर ठेवावे का, हा प्रश्न त्यामागे असतो. त्या प्रश्नाकडे मी आज ज्या नजरेने पाहतो, ती नजर मला एका कुटुंबामुळे मिळाली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि हा अनुभव लिहिण्यास संबंधितांची संमती आहे.

वडील पहिल्यांदा एकटेच आले. मुलगा सतरा वर्षांचा होता आणि त्याचे अभ्यासातले लक्ष उडाले होते. एका वादात वडील त्याला म्हणाले, “तुझ्या वयात मी एक दिवससुद्धा वाया घालवला नाही.” त्यावर मुलगा आवाज न चढवता म्हणाला, “बाबा, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी तुम्ही चार महिने वर्गात गेला नव्हतात. रोज सकाळी घरातून निघायचात आणि संध्याकाळी परत यायचात, एवढंच.” ही गोष्ट पत्नीलाही पुरती ठाऊक नव्हती. ती सांगू शकेल असा माणूस एकच होता, तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. त्याच रात्री त्यांनी भावाला फोन करून मुलाशी बोलणे बंद करायला सांगितले. “काकाने त्याला हे सांगायलाच नको होते,” हे वाक्य त्या तासाभरात त्यांनी अनेकदा उच्चारले.

येथे माझी एक चूक झाली आणि ती लिहिणे मला आवश्यक वाटते. ज्याची गोष्ट आहे त्याने परवानगी देईपर्यंत ती इतरांनी सांगू नये, हे तत्त्व योग्य असल्यामुळे, वडिलांनी भावाला घातलेली बंदी काही काळ राहू द्यावी असे मी सुचवले. दोन आठवड्यांत मुलाने घरात कोणाशीही बोलणे सोडले. त्याच्यासाठी उघडा असलेला एकच दरवाजा माझ्या सल्ल्याने बंद राहिला होता.

त्यानंतर मुलगा माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला वंशरेखाचित्र काढायला दिले. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, अशा साध्या खुणांनी तीन पिढ्या एका कागदावर मांडायच्या आणि प्रत्येकाविषयी जे ठाऊक असेल ते शेजारी लिहायचे, अशी ही पद्धत आहे. आजोबांच्या चौकोनाशेजारी त्याने बरेच लिहिले, आणि त्यातले जवळजवळ सगळे त्याला काकाकडून कळलेले होते. वडिलांच्या चौकोनापाशी मात्र त्याचा हात थांबला. तेथे त्याने पदवी, नोकरी आणि बढती लिहिली आणि म्हणाला, “बाबा अठरा वर्षांचे होते तेव्हा कसे होते, ते मला माहीतच नाही.”

मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. स्मृतीच्या अभ्यासात असे दिसून आले आहे की मोठ्या वयात माणसाला स्वतःच्या आयुष्यातील साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी तुलनेने अधिक येतात. म्हणजे ज्या वयाची मुले समोर असतात, त्याच वयातले स्वतःचे दिवस पालकांना सर्वांत ठळकपणे आठवत असतात, आणि शिस्त लावण्याची जबाबदारी असल्यामुळे नेमके तेच दिवस ते झाकून ठेवतात. काकाने ते दिवस शेजारून पाहिलेले असतात, आईचे तसे दिवस मामाने पाहिलेले असतात, आणि त्यांच्या डोक्यावर गुणपत्रिकेची चिंता नसते. पुतण्याच्या किंवा भाच्याच्या चुकीचा निवाडा त्यांना करायचा नसतो, म्हणूनच चूक त्यांच्यापुढे बोलून दाखवता येते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासग्रंथात रॉबर्ट मिलार्डो या अमेरिकी अभ्यासकाने काका-मामा आणि मावशी-आत्या यांच्याशी, तसेच पुतण्या-भाच्यांशी झालेल्या मुलाखतींतून या भूमिका नोंदवल्या आहेत: वाट दाखवणारा, पालक आणि मूल यांच्यातला ताण सोसून घेणारा, आणि घराचा इतिहास जपणारा.

कुटुंबकथांविषयी बरेच काम एमरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश यांनी केले. घराच्या इतिहासाविषयी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली त्यांनी 2001 च्या सुमारास मुलांना विचारली, आणि ज्यांना अधिक उत्तरे ठाऊक होती त्या मुलांमध्ये आत्मसन्मान आणि आयुष्यावर आपले नियंत्रण असल्याची भावना अधिक आढळली. उत्तरे पाठ करून घेतली म्हणजे मूल खंबीर होईल, असा अर्थ त्यांनी स्वतः काढलेला नाही. उत्तरे मुलापर्यंत पोहोचतात ती एकत्र बसण्यातून आणि बोलण्यातून, आणि महत्त्व त्या बसण्याबोलण्याला आहे. ड्यूक यांनी कुटुंबकथांचे तीन घाटही सांगितले आहेत: सतत चढत जाणारी, सतत उतरत जाणारी, आणि चढउतारांतून टिकून राहिल्याची. मुलाला सर्वाधिक बळ तिसरी देते. या घरात वडील पहिल्या घाटाची कथा सांगत होते, आणि पडत्या काळातल्या मुलाला त्या कथेत स्वतःसाठी जागा सापडत नव्हती.

मग मी काकांना बोलावले. चहाडी करणारा माणूस भेटेल अशी धास्ती वडिलांनी माझ्या मनात पेरली होती. काका म्हणाले, “त्याने मला आधी काहीतरी सांगितलं होतं. काय, ते मी सांगणार नाही. पण ते ऐकल्यावर मला दादाची गोष्ट आठवली.” तेव्हा माझ्या लक्षात आले की ती गोष्ट म्हणजेच त्यांचा सल्ला होता. ‘असे करू नकोस’ असे म्हणण्याऐवजी, ‘तुझ्या आधी या घरात कोणीतरी येथूनच गेला आहे’ एवढे त्यांना पुतण्याला कळवायचे होते. मी विचारले, “त्या चार महिन्यांनंतर काय झाले?” ते बराच वेळ गप्प राहिले. घटनेच्या वेळी ते तेरा वर्षांचे होते. दादा एक दिवस पुन्हा वर्गात जाऊ लागला, एवढेच त्यांनी पाहिले होते. गोष्टीचा अर्धाच भाग त्यांच्यापाशी होता आणि तेवढाच मुलापर्यंत पोहोचला होता.

बंदी उठवून तिघांना एकत्र बसवायला मला आणखी तीन भेटी लागल्या. त्या बैठकीत काकांनी जे पाहिले होते ते भावासमोर सांगितले, आणि तेथून पुढे वडिलांनी सांगितले. आपल्याला विषय समजत नाहीत हे कबूल करण्याची लाज, रोज संध्याकाळी रचलेले खोटे, आजोबांना कळल्यावर त्यांनी महिनाभर धरलेला अबोला, आणि मग एका सकाळी काहीही न बोलता त्यांचे मुलासोबत महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत चालत येणे. काका म्हणाले, “दादा, बाबा तुझ्याबरोबर आले होते, हे मला आज कळतंय.” मुलाने एकच प्रश्न विचारला: “बाबा, परत वर्गात शिरताना तुम्हाला कसं वाटलं होतं?” वडिलांनी उत्तर दिले, आणि प्रश्न कोठून आला हे त्यांना उत्तर देता देताच उमगले. मुलगा तीन आठवड्यांपासून वर्गात गेला नव्हता. ते त्याने त्याच बैठकीत स्वतःच्या तोंडाने सांगितले.

म्हणून हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना काकाला दूर ठेवण्याचा सल्ला मी आता सरसकट देत नाही. काका आणि मामांना मात्र मी आग्रहाने सांगतो की भावाची किंवा बहिणीची गोष्ट मुलाला सांगण्यापूर्वी ती शेवटापर्यंत आपल्याला ठाऊक आहे का, हे त्या भावाला किंवा बहिणीला विचारून घ्यावे, आणि वादात मुलाच्या हाती शस्त्र पडेल अशा रीतीने ती सांगू नये. मुलाने विश्वासाने सांगितलेले जपावे. परंतु स्वतःला इजा करण्याचा विचार, व्यसन किंवा कोणाकडून होणारा छळ यांपैकी काही कानावर आले, तर पालकांना सांगणे भाग आहे, हे आधी त्या मुलालाच सांगून मग पालकांपर्यंत न्यावे. आणि एखाद्या मुलाला एखाद्या काका-मामासोबत एकटे बसणे नकोसे वाटत असेल, तर नात्याचा मान मध्ये न आणता मुलाचे ऐकावे. या बाबतीत मी तडजोड मानत नाही.

काही महिन्यांनी वडील शेवटच्या भेटीला आले. अभ्यासाची गाडी अजून पूर्ण रुळावर नव्हती, असे त्यांनी सांगितले. आदल्या आठवड्यात मुलाने त्यांना आजोबांच्या शेवटच्या आजारपणाविषयी विचारले होते. “मी त्याला म्हटलं, मी तेव्हा नोकरीसाठी दुसऱ्या गावी होतो,” ते म्हणाले, “हे तू काकाला विचार.”