सात महिने पॉलिशिंगवरच आहे, पुढे काय?

प्रिय मित्रा,

फिटरचा अभ्यासक्रम संपवून तू बंदूक दुरुस्तीच्या परवानाधारक कारखान्यात उमेदवारी करतो आहेस. सोबतची मुलं लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर गेली, तुला मात्र सात महिने पॉलिशिंगवरच ठेवलंय. ‘हे काम कोणीही करेल, यातून मी पुढे कुठे जाणार?’ असं तू विचारलंस. घरचेही याला ‘घासकाम’ म्हणतात, हे पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंयस. ती ओळ मला जास्त लागली.

समुपदेशनाकडे वळण्याआधी काही वर्षं मी स्वतः बेंचवर काढली आहेत, म्हणून ठामपणे सांगतो. चकाकी कोणीही आणेल; भागाचा आकार न बिघडवता ती आणणारे हात फार थोडे असतात.

बंदुकीच्या सपाट बाजूवरचं स्क्रूचं भोक घे. मऊ कापडी बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, तो भाग जरा जास्त दाबला की कापड भोकात शिरतं, कड झिजते आणि भोकाभोवती बशीसारखा खळगा पडतो. पटकन तो दिसत नाही. भाग उजेडात तिरका धरला की मात्र प्रतिबिंब नेमकं तिथे वाकतं. ब्लूइंग म्हणजे पोलादावर तयार होणारा आयर्न ऑक्साइडचा अगदी पातळ थर. तो रंगासारखा खळगे भरत नाही, खाली असेल ते तसंच दाखवतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक आधी कडा, भोकं आणि कोरलेली अक्षरं बघतं.

तेव्हा आधी हाताने पॉलिश करणं पक्कं कर. पॉलिश पेपरामागे सपाट ठोकळा हवाच; नुसत्या बोटाने घासलंस तर कड गोल होते. 220 नंबरच्या पेपरापासून सुरुवात कर (नंबर वाढला की पेपर बारीक), मग 320, 400, गरज असेल तर 600. प्रत्येक पेपराला दिशा बदल. 320 आडवा चालवला असेल तर 400 उभा, आणि आडवी एकही रेघ उरली असेल तर पुढचा पेपर काढू नकोस. कंटाळा येतो, मला माहीत आहे. पण डोळा इथेच तयार होतो.

काय घासायचं नाही, हेही मिस्त्रींकडून नीट समजून घे. चापाच्या यंत्रणेत एकमेकांत अडकणारे पृष्ठभाग बफला लावायचेच नाहीत. कित्येक भागांवर कठीण केलेला थर पातळ असतो. तो गेला किंवा कोन बदलला, तर चाप न ओढता गोळी सुटू शकते. बंदुकीवर कोरलेल्या क्रमांकाच्या जागेपासूनही बफ लांब ठेव. तो खोडणं बहुतेक देशांत गुन्हा आहे.

आणखी एक. बफवर तू हातमोजे घालतोस असं लिहिलंयस. ते आजपासून बंद कर. चाक कापड पकडतं आणि त्याबरोबर हात ओढतं. बाह्याही सैल नकोत. चष्मा आणि मास्क मात्र हवेतच. भाग चाकाच्या मध्यरेषेखाली धर आणि त्याची वरची कड चाकाला कधी भिडवू नकोस, हातातून हिसकावला जाईल.

पुढच्या वाटांचं म्हणशील तर जुन्या बंदुकांना मूळ रूप देणं आणि ब्लूइंग ही याच्या लगतची पायरी. शिवाय प्लास्टिकचे साचे, शस्त्रक्रियेची उपकरणं, शरीरात बसवायचे कृत्रिम सांधे, या सगळ्यांना असाच हात लागतो. लेथ तू शिकायलाच हवास. पण ‘मला इथून हलवा’ असं म्हणू नकोस, रोज तासभर लेथ मागून घे.

मागायला जाण्याआधी भंगारातल्या पोलादी पट्टीचे दोन तुकडे घे, दोन्हींना भोकं पाड. एक फक्त बफवर चमकव. दुसरा ठोकळा-पेपराने 600 पर्यंत ने, मग बफचा अगदी हलका हात दे. दोन्हींवर सरळ मोजपट्टी उभी ठेवून खालून उजेड कुठे येतो ते बघ. मिस्त्रींना दाखव. मग तेच तुकडे घरी ने आणि खिडकीपाशी तिरके धरून आईवडिलांना विचार, यातला कुठला कोणीही करेल?