लिंक्डइनवर नोकरी शोधताय? आधी मथळा बदला

नावाखाली नुसतं 'नोकरीच्या शोधात' लिहिलंत, तर भरती करणाऱ्याला तुम्ही सापडणार कसे? तो शोधतो 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, टॅली, जीएसटी, पुणे'. नावाखालच्या या मथळ्याला (हेडलाइन) 220 अक्षरं मिळतात. पदाचं नाव, दोन-तीन कौशल्यं आणि शहर त्यात बसवा. ठिकाणाच्या रकान्यात गावचं नाव असेल आणि नोकरी पुण्यात हवी असेल, तर तेही बदला, नाहीतर शहराच्या चाळणीतच तुम्ही गळून पडता.

'ओपन टू वर्क', म्हणजे नोकरी हवी असल्याची खूण, चालू करताना दोन पर्याय येतात: सगळ्यांना दिसणारा आणि फक्त रिक्रूटरना दिसणारा. सध्या नोकरीत असाल तर दुसरा घ्या. मग फोटोवर हिरवी पट्टी येत नाही. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून हे लपवायचा प्रयत्न होतो, पण पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही.

कनेक्शनच्या विनंतीसोबत मोफत खात्यातून छोटी चिठ्ठी जोडता येते, तीही महिन्याला मोजकीच. या चिठ्ठ्या एचआरपेक्षा त्या विभागात काम करणाऱ्यांवर खर्च करा. 'सर, प्लीज जॉब द्या' नको. जाहिरातीतलं पद, आपला अनुभव, एक नेमका प्रश्न, बस. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदाच आठवण करून द्या.

'ईझी अप्लाय', म्हणजे लिंक्डइनवरूनच थेट अर्ज, करताना आधी चढवलेला जुना बायोडेटाच निवडलेला असू शकतो. बटण दाबण्यापूर्वी फाइल उघडून बघा.

आणि नोंदणी, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपच्या नावाखाली कुणी पैसे मागितले, की तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.