नाशिकजवळ जलतरणपटूंसाठी निवासी शाळा डिझाइन करायची आहे (बी.आर्क. थीसिस), पूलपासून सुरुवात कशी करू?

पूलचं माप आणि कुठल्या खोल्या लागतात ते सांगते, पण प्रश्नात तुम्ही "पश्चिमेला डोंगरांचा व्ह्यू देणारी काचेची भिंत" लिहिलंय ना, ते वाचून राहवलं नाही म्हणून आधी तेच.

गिरणारेच्या बाजूला एका निवासी शाळेत मी बरीच वर्षं कोच होते. 25 मीटरचा बंद टँक, सहा लेन, आणि पश्चिमेची लांब भिंत अख्खी काचेची. बाहेर द्राक्षबागा, मागे डोंगर. ड्रॉइंग ट्रस्टींपुढे ठेवलं तेव्हा मी मीटिंगला होते. मी म्हटलं, संध्याकाळची बॅच साडेचारला सुरू होते, ऊन तिरपं पाण्यावर येणार आणि मला तळ दिसणार नाही. आर्किटेक्ट म्हणाले, मॅडम मग तुम्ही पलीकडून बघा. पलीकडे म्हणजे काचेला लागून जेमतेम मीटरभर डेक, दोन मुलं समोरासमोर आली तरी एकाला थांबावं लागतं, तिथे स्टॉपवॉच घेऊन मुलांच्या बरोबरीने मागेपुढे चालायचं कसं? वर म्हणे ऊन आलं तर थंडीत पाणी गरम राहील. सहा लाख लिटर पाणी संध्याकाळच्या दोन तासांच्या उन्हाने तापत नाही हो. स्पर्धेला 25 ते 28 डिग्री लागतं, आणि नाशिकच्या डिसेंबरात ते हीट पंपाशिवाय होत नाही. पण व्ह्यू हवाच होता, ट्रस्टींनाही तो आवडला, भिंत काचेचीच झाली.

मग एका फेब्रुवारीत दहा वर्षांच्या एका मुलीच्या पोटरीत गोळा आला आणि ती खाली गेली. मी काठावर, तिच्यापासून दहा-बारा फुटांवर, लाइफगार्ड माझ्याच बाजूला, आणि दोघांनाही दिसत होता तो फक्त आरशासारखा चमकणारा पृष्ठभाग. शेजारच्या लेनमधल्या मुलीने टर्न घेताना पाण्याखाली तिला पाहिलं आणि वर ओढलं. खोकली, रडली, अर्ध्या तासाने ठीक झाली. दुसऱ्या दिवशी मी शेतीच्या दुकानातून हिरवं शेडनेट आणून काचेवर बांधून घेतलं. दिसायला वाईट दिसतं म्हणून कुरबुर झाली, मी सांगितलं नेट काढलं तर संध्याकाळची बॅच मी घेणार नाही. नेट राहिलं.

तर टँकच्या दिशेचं असं, उघडा असेल तर लांबी उत्तर-दक्षिण ठेवा म्हणजे सकाळ-संध्याकाळ पोहणाऱ्याच्या तोंडावर ऊन येत नाही, पण छत टाकणार असाल तर हिशोब बदलतो, लांबी पूर्व-पश्चिम करा, लांब बाजूने उत्तरेचा उजेड घ्या आणि पश्चिमेची भिंत बंद. व्ह्यू मेसला द्या, हॉस्टेलच्या गॅलरीला द्या, तिथे मुलांना बघायला वेळ असतो.

माप: 50 बाय 25, अडीच-अडीच मीटरच्या 10 लेन. टच पॅड, म्हणजे हात लागला की वेळ नोंदवणाऱ्या भिंतीवरच्या पाट्या, साधारण एक सेंटिमीटर जाड असतात, दोन्ही टोकांना लावायचे असतील तर भिंत ते भिंत 50.02 ठेवा, आणि हे फिनिश झालेलं माप, म्हणजे प्लास्टर-टाइलची जाडी आरसीसीच्या मापात आधीच धरा. लांबी 3 सेंटिमीटर जास्त चालते, कमी अजिबात नाही. पाण्याची खोली 3 मीटर मिळाली तर उत्तम. पॅरिस ऑलिम्पिकला 2024 मध्ये 2.15 मीटरच होती तर टँक स्लो आहे म्हणून केवढी चर्चा झाली. पाणी डेकच्या लेव्हलला ठेवून चारी बाजूंनी ओव्हरफ्लो द्या, लाटा भिंतीवर आपटून परत येत नाहीत, मात्र त्यासाठी बॅलन्सिंग टँक, म्हणजे बाहेर सांडलेलं पाणी साठवणारी टाकी, लागतो, त्याची जागा विसरू नका.

एक्झॉस्ट नुसता छताला लावू नका. क्लोरीन आणि घाम मिळून जो वायू होतो तो पाण्याच्या लगेच वर साचतो, मुलं तिथेच श्वास घेतात, म्हणून हवा डेकच्या उंचीवरूनही ओढली पाहिजे. चेंजिंग रूममध्ये बुटांची वाट वेगळी, ओल्या पायांची वेगळी. ड्रायलँडचा, म्हणजे पाण्याबाहेरच्या व्यायामाचा, हॉल टँकला लागूनच हवा. हॉस्टेलपासून टँकपर्यंत झाकलेला रस्ता द्या, पहाटे पाचच्या बॅचला जानेवारीत ओल्या केसांनी उघड्यावरून परत जायला लावू नका. पालकांची गॅलरी वर काढा, तिचा जिना बाहेरून.

क्लासरूम, मेस वगैरेचं मी सांगत नाही, ते कुठल्याही निवासी शाळेसारखंच. आणि मी कोच आहे, आर्किटेक्ट नाही, छताचा स्पॅन, गंज आणि एवढ्या पाण्याचं वजन स्ट्रक्चरलवाल्यांना विचारूनच ठरवा. काच नकोच असंही नाही, उत्तरेला खुशाल लावा.

ज्युरीत कोणी विचारलंच की एवढा डोंगर समोर असताना भिंत बंद का केली, तर सेक्शनमध्ये डेकवर कोच उभा करा, संध्याकाळी पाचच्या उन्हाची रेषा काढा, आणि विचारा की याला तळाशी गेलेलं मूल कुठून दिसणार. मला त्या मीटिंगमध्ये हे चित्र काढून दाखवता आलं असतं तर ट्रस्टींनी ऐकलं असतं असं मला अजूनही वाटतं.