नवी घोडी आणलीत? एकवीस दिवस तिला लांबच बांधा

सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणलीत, वाघोलीच्या तबेल्यात आधीचे तीन घोडे आहेत, आणि 'ठणठणीत आहे, मग वेगळी कशाला बांधायची?' असं विचारताय. ठणठणीत दिसते यावर जाऊ नका. स्ट्रँगल्स म्हणजे जबड्याखालच्या गाठी सुजवणारा घोड्यांचा संसर्गजन्य रोग. त्याची लागण झाल्यावर ताप यायलाच तीन ते चौदा दिवस जातात, आणि यात्रेत ती कुठकुठल्या घोड्यांशेजारी उभी होती देव जाणे.

माझीच फजिती सांगतो. मीही नवा घोडा लांब, पत्र्याच्या शेडखाली बांधून निर्धास्त होतो. पण मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस, एकच. तिकडचं आटोपलं की तोच खरारा (अंग घासायचा ब्रश), तोच तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) घेऊन तो जुन्या घोड्यांकडे यायचा. बाराव्या दिवशी माझ्या म्हाताऱ्या घोड्याने चंदीला, म्हणजे दाण्याला, तोंड लावलं नाही. जबड्याखाली हात घातला तर लिंबाएवढी गाठ, गरम, बोट लागलं की मान झटकायचा. चार दिवसांनी फुटली. पुढचे दोन महिने तबेला त्यातच गेला.

तेव्हा बादली, तोबरा, खरारा, लगाम तिचं सगळं वेगळं, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारा. आधी जुन्यांचं काम, मग तिचं. नालबंदालाही हाच क्रम सांगा, तो दहा तबेले फिरून आलेला असतो. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून आकडा भिंतीवर लिहा, 101.5 फॅरनहाइटच्या वर गेला की डॉक्टरांना फोन. ताप आधी येतो, नाक एक-दोन दिवसांनी वाहायला लागतं. ती मधली मुदत हातची घालवू नका.

ग्लँडर्स या दुसऱ्या, जीवघेण्या संसर्गजन्य रोगाची गोष्ट वेगळी. 2006 मध्ये पुणे-पाचगणीकडे तो सापडला होता. नाकातून चिकट पिवळा स्राव, पायावर ओळीने गाठी. त्यावर लस नाही, उपचारही करायचे नाहीत. कायद्याने घोडा मारावाच लागतो. माणसालाही होतो, म्हणून गाठी दिसल्या तर उघड्या हाताने पिळू नका आणि गुपचूप अँटिबायोटिक टोचू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्ताचा नमुना घ्या, तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. खरं तर ही तपासणी घोडीचे पैसे मोजण्याआधीच करायची असते.

जुन्या तिघांना इन्फ्लुएंझाची लस दिलीय का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. नसेल तर पहिले दोन डोस चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने पडतात.

आणि लग्नसराई आहे, वरातीला घोडी मागायला कोणीतरी येणारच. पाहुणा असला तरी या एकवीस दिवसांत तबेल्यातलं एकही जनावर बाहेर देऊ नका.