वाचकांचे प्रश्न : बहिणाबाई सगळ्यांनी मिळून वाचायच्यात, पण कशा?

24 ऑगस्ट म्हणजे बहिणाबाई चौधरींचा जन्मदिवस, आणि यंदा सामूहिक वाचन करायचंय असं लिहिणारी पत्रं एवढी आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत. तेवढं समजून घ्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने बहिणाबाई वाचायचं ठरवलंय. पण अर्ध्याजणी कोकणातल्या, काही कोल्हापूरच्या, खानदेशी कोणालाच नीट येत नाही. प्रमाण मराठीत करून वाचलं तर चालेल का? उगाच हसं नको व्हायला. (पुणे)

ताई, प्रमाण मराठीत अजिबात करू नका. ‘मियते भाकर’चं ‘मिळते भाकर’ केलं की अर्थ तोच राहतो पण चाल लंगडते, आणि एकदा दुरुस्तीला बसलात की थांबायचं कुठे ते कळत नाही. ही लेवा गणबोली आहे, जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातली, आणि वाचायला वाटते तेवढी अवघड नाहीये. बऱ्याच ठिकाणी ळ चा य होतो, म्हणजे काळाचं काया, डोळाचं डोया, ण चा न होतो, आणि मला-त्यालाच्या जागी माले-त्याले येतं, एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं. उरलेल्यासाठी सोसायटीत चौकशी करा, त्या भागातलं एखादं घर सापडतंच, त्या घरातल्या आजींना आधी वाचायला द्या आणि बाकीच्यांनी मागून म्हणा. आजींना चष्म्याशिवाय दिसत नसेल तर कोणीतरी ओळ सांगा, त्या म्हणतील. बहिणाबाईंना स्वतःला तरी कुठे लिहिता-वाचता येत होतं? शेतात आणि जात्यावर त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव नि नात्यातले पितांबर चौधरी कागदावर उतरवून घ्यायचे, तेव्हा कागदाशिवाय म्हणणाऱ्या बाईला इथे पहिला मान हवा.

सुरुवात ‘कशाला काय म्हणू नही’ने करा. ‘बिना कपाशीनं उले त्याले बोंड म्हनू नही’, असं एकीने म्हणायचं आणि ‘म्हनू नही’ला सगळ्यांनी आवाज लावायचा, दोन कडव्यांत लाजणाऱ्या बायका पण सुरू होतात. मग पेरणी, कापणी, उपणणी अशी शेताची गाणी क्रमाने घ्या, म्हणजे बी मातीत पडल्यापासून दाणा घरात येईपर्यंत सगळा हंगाम डोळ्यापुढून जातो, आणि शहरात वाढलेल्या मुलींना उपणणी म्हणजे वाऱ्यावर धान्य धरून भूस उडवायचं हे सांगायला आजी आहेतच. ‘अरे संसार संसार’ आणि ‘अरे खोप्यामधी खोपा’ शेवटाकडे ठेवा असं मी म्हणेन, कारण 1961 च्या ‘मानिनी’ सिनेमामुळे वसंत पवारांची चाल सगळ्यांच्या डोक्यात फिट्ट आहे, ती एकदा सुरू झाली की पुढची सगळी गाणी त्याच चालीत ओढली जातात आणि वाचन राहतं बाजूला.

आणि एक विनंती, डोक्यावर टोपली, हातात विळा, कपाळावर ओढलेलं मोठ्ठं कुंकू असा फॅन्सी ड्रेस करू नका हो. बहिणाबाई तिशीतच विधवा झाल्या, मग ते कुंकू कोणाचं? साध्या रोजच्या कपड्यात वाचा.

प्रश्न : गावातलं वाचनालय चालवतो. कवितांच्या झेरॉक्स काढून वाटल्या तर कोणाची परवानगी लागते का? आणि 24 तारखेला लोक येतील असं वाटत नाही. (जळगाव जिल्हा)

आधी परवानगीचं. बहिणाबाई 3 डिसेंबर 1951 ला गेल्या आणि ‘बहिणाबाईची गाणी’ 1952 मध्ये आलं. लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या साहित्याचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो, म्हणजे त्या पुस्तकातल्या गाण्यांचा हक्क 2012 अखेर संपला. खुशाल छापा, वाटा. नंतर कुठे पहिल्यांदा छापलेली रचना असेल तर तिची मुदत तिच्या वर्षापासून मोजायची. पण आचार्य अत्र्यांची प्रस्तावना अख्खी झेरॉक्स करू नका, अत्रे 1969 मध्ये गेले, त्यामुळे तिचा हक्क 2029 संपेपर्यंत आहे. नव्या आवृत्त्यांमधले अर्थ, टिपा, अनुवाद हे पण ज्याचे त्याचे असतात.

तारखेबद्दल तुमचं बरोबर आहे भाऊ. ऑगस्टमध्ये बाया दिवसभर निंदणीला, त्यांना दुपारी चारला हॉलमध्ये बोलावून कोण येणार, खुर्च्यांवर रिटायर्ड मास्तर तेवढे दिसतील. एकतर जेवणं झाल्यावर रात्री देवळाच्या ओट्यावर करा, नाहीतर सरळ आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला न्या. लेकी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले असतात, गाणी तशीही चालूच असतात आणि बहिणाबाईंचं ‘आखजीचा आखजीचा मोलाचा सन देखा जी’ तर त्याच दिवसाचं आहे. 24 ऑगस्टला फोटोला हार घाला आणि मुलांना जळगावला चौधरी वाड्यातलं संग्रहालय दाखवून आणा, मुख्य वाचन आखाजीला. सरकारी कॅलेंडरपेक्षा शेताचं कॅलेंडर बघितलेलं बरं.

प्रश्न : आमच्या बॅनरवर ‘संत बहिणाबाई’ छापून आलंय आणि खाली ‘ज्ञानदेवे रचिला पाया’. बरोबर आहे ना? (कल्याण)

नाही! ती ओळ ‘संतकृपा झाली, इमारत फळा आली’ या अभंगातली, आणि तो अभंग संत बहिणाबाईंचा, त्या सतराव्या शतकातल्या, तुकाराम महाराजांच्या शिष्या. चौधरींचा जन्म 1880 चा, असोद्याचा. दोघींच्या जन्मात दोनशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे. बॅनर परत छापा. आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही सांगा, तिथूनच आलं असणार ते.

प्रश्न : मी कॉलेजमध्ये शिकते. आमच्याकडे वाचन आहे पण मला प्रश्न पडतो की चटके सहन करा मग भाकर मिळेल, हे आज मुलींनी का म्हणायचं? बोलले तर मॅडमना राग येईल. (नाशिक)

अगं, तू विचारलंस ते फार बरं केलंस. ही ओळ लग्नाच्या पत्रिकेवर, निरोपसमारंभात, सासूच्या तोंडी, सगळीकडे एवढी वापरून झालीये की ती उपदेश वाटायला लागलीये. त्यात तुझी चूक नाही. पण फक्त तेवढंच वाचून थांबू नकोस. ‘लपे करमाची रेखा’ काढ. नवरा गेलाय, कुंकू पुसलंय, आणि दारात आलेल्या ज्योतिषाला ही निरक्षर बाई सांगते की माझा हात बघू नकोस, माझ्या दारी येऊ नकोस, माझं दैव माझं मला कळतं. सहन करणारीच असती तर हात पुढे केला असता ना तिने. शिवाय ‘मानसा मानसा, कधी व्हशील मानूस’ वाच, त्यात ती अख्ख्या माणूसजातीला धारेवर धरते. तरी संसाराच्या गाण्यात सोसण्याचं कौतुक आहेच, ते नाही असं मी म्हणणार नाही, आणि त्यावर भांडायला हरकत काय? तर मॅडमना सांग की ‘संसार’ आणि ‘करमाची रेखा’ एकापाठोपाठ वाचूया, मग वीस मिनिटं ज्याला जे बोलायचं ते बोलू दे, मुलांनाही बोलू दे. रागाचं म्हणशील तर आधी एकटीने न जाता दोघीतिघी मिळून भेटा, आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण नेमकं त्या वीस मिनिटांत येणार नाही एवढं बघा, बहुतेक तेच येतं.